डिकीतला वायुविकार

आमच्या घराण्यात वायू हा विषय चारचौघांत काढायला कुणाला संकोच वाटत नाही. आजोबांच्या कोटाच्या खिशात ओव्याची पुडी असायची, वडिलांच्या ताटात हिंगाष्टकाचा पहिला घास, आणि मेव्हणा आला की साबुदाण्याची खिचडी होते की नाही यावर घरात मतदान होतं. त्यामुळे गाडीलाही हाच विकार जडल्याचं निदान झालं तेव्हा सौ. फक्त एवढंच म्हणाली, "संगतीचा परिणाम."

गाडी जातीनं जर्मन, वयानं अठरा वर्षांची, आणि मी तिचा तिसरा मालक. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. मी ही घेतली. जुलैतल्या एका सकाळी किल्लीचं बटण दाबलं तर गाडी ढिम्म. दिवा नाही, चूं नाही. बॅटरी बसली होती, इतपत मला कळतं. आयुष्यभर मारुती ८०० चालवलेला माणूस मी. बॉनेट उघडलं की दारात तुळस असावी तशी बॅटरी समोर दिसायची. इथे बॉनेट उघडलं तर इंजिन होतं, पाण्याची टाकी होती, बॅटरी नव्हती. चोरीला गेली, असं म्हणून मी पोलिसांत जायच्या बेतात होतो. तेवढ्यात मेव्हण्याला फोन लागला. "भावजी, डिकीत असते."

हे काही जर्मनांचं खूळ नव्हे. १९५९ साली विलायतेत छोटी मिनी निघाली. तिच्यात इंजिन आडवं बसवल्यावर पुढे जागाच उरली नाही, म्हणून बॅटरी डिकीत गेली. १९८९ साली आलेल्या माझ्दाच्या दोन माणसांच्या मियाटातही ती डिकीतच होती. पुढे इंजिनाचं ओझं, मग बॅटरी मागे टाकून तोल साधायचा, असा हिशेब. जुन्या बीटलमध्ये तर ती मागच्या सीटखाली असायची. वजनदार पाहुणा बसला की सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकायच्या आणि पाहुण्याला बुडाखालून ऊब मिळायची. त्या मानानं डिकी सुसंस्कृत.

अडचण एकच. डिकी उघडते विजेच्या बटणावर, वीज येते बॅटरीतून, आणि बॅटरी डिकीत. कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, असा प्रकार. झाकणावर किल्लीचं एक भोक होतं, पण आधीच्या दोन मालकांनी ते देव्हाऱ्यातल्या शंखासारखं नुसतं ठेवलेलं. त्यात किल्ली शिरे, फिरत नसे.

अशा वेळी आमच्या इमारतीत एकच दार ठोठावलं जातं: दुसऱ्या मजल्यावरचे सर. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सर आले, बॉनेटखाली वाकले आणि अधिक चिन्ह असलेलं एक लाल टोपण उघडून म्हणाले, "ही मागच्या दाराची घंटा." गाडी बनवणाऱ्याला आपला विनोद ठाऊक होता, डिकीतल्या बॅटरीशी जोडलेलं एक टोक त्यानं पुढे आणून ठेवलं होतं. सरांनी आपली गाडी शेजारी लावली, जंपर केबल काढली. लाल चिमटा लालला. काळा चिमटा सगळ्यात शेवटी, तोही बॉनेटखालच्या बोल्टला. "शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते," सर म्हणाले, "आणि ठिणगी उडायची ती बॅटरीपासून लांब उडावी." मग टक्क झालं आणि डिकीनं आ वासला.

आत सडक्या अंड्यांचा वास. मी वाकणार तोच सरांनी कॉलर धरून मागे ओढलं. "पंधरा मिनिटं उघडी राहू दे. घाई कसली? निवृत्त आहेस." पंधरा मिनिटांनी पाहिलं तर टर्मिनलवर पांढरीहिरवी बुरशी, गालिचाला भोकं, आणि सोसायटीच्या गणपतीची सतरंजी, जी गेल्या अनंत चतुर्दशीपासून माझ्या डिकीत 'उद्या देतो' या बोलीवर होती, तिची चाळण झालेली.

तिथेच, पार्किंगमध्ये, सरांनी तास घेतला. बॅटरी चार्ज होत आली की विजेला दुसरं काम उरत नाही, मग ती आतल्या पाण्याचे तुकडे पाडते: दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. बॉनेटखाली हा वायू वाऱ्यावर निघून जातो. डिकी म्हणजे बंद खोली. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला की तो पेटू शकतो. मी बँकेतला माणूस. ४ टक्के म्हणजे एकेकाळी बचत खात्यावर मिळायचं तेवढं व्याज, आणि ७५ म्हणजे दहावीची डिस्टिंक्शन. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कुठेही भडकणारा माणूस मी फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या रूपानं पाहिला होता. शिवाय वायूबरोबर ॲसिडचे बारीक तुषार येतात. सतरंजी त्यांनी खाल्ली.

"म्हणून बॅटरीच्या कुशीला भोक असतं. त्यात कोपऱ्याचा तुकडा, त्याला नळी, आणि नळी डिकीच्या तळातून बाहेर." नळी होती. कोपऱ्यात, गालिचामागे, बॅटरीपासून सुटून पडलेली. किती वर्षं ते देव जाणे.

मी विचारलं, "सर, हायड्रोजन वर जातो, मग नळी खाली का?"

"कारण वर तुम्ही बसता," सर म्हणाले. मग दया येऊन समजावलं: वायू आतल्या दाबानं ढकलला जातो, त्याला खाली जायला लाज वाटत नाही. आणि खाली तोंड असलं की ॲसिडचा थेंब रस्त्यावर पडतो, पावसाचं पाणी आत येत नाही.

जुनी बॅटरी काढायची तर आधी अंगठी काढ, असा हुकूम झाला. पाना आणि अंगठी मिळून टर्मिनल पत्र्याला भिडलं तर बोट भाजून निघतं. बत्तीस वर्षं न निघालेली अंगठी सौ.नं साबण लावून काढली आणि जपून ठेवत म्हणाली, "बॅटरीसाठी निघाली बरं!" मग आधी ऋण टर्मिनल सोडलं, लावताना ते शेवटी. ऋण सुटलेलं असलं की पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही. बॅटरी उचलताना मात्र माझं बिघडलं. कंबरेतून आवाज आला.

दुकानदार मोठा प्रेमळ होता. "साहेब, ही न्या. मेंटेनन्स फ्री. गॅसचा प्रश्नच नाही."

सर सोबत होते म्हणून वाचलो. मेंटेनन्स फ्री म्हणजे पाणी घालावं लागत नाही, एवढंच. वायू होतच नाही, असं नव्हे. "जावई मितभाषी आहे म्हणजे त्याला मतं नाहीत, असं असतं का?" सर म्हणाले. त्या बॅटरीला नळी लावायचं भोकच नव्हतं. शिवाय ती आखूड होती. माझी जुनी २७८ मिलिमीटर लांब; तिच्या तळाची कड कचाट्यात बसते तेव्हाच ती हलत नाही. दुकानदारानं तोडगा काढला: "बाजूला थर्माकोल कोंबून देतो." वीस किलोचा दगड, आत ॲसिड, आणि त्याला थर्माकोलचा आधार! मखरातला गणपतीसुद्धा यापेक्षा पक्का बसतो.

मग रीतसर निवड झाली. लांबी तीच. धन टर्मिनल त्याच बाजूला, कारण गाडीतल्या केबली तोकड्या. अँपिअर-अवर जुनीइतके, म्हणजे ७०. डब्यावर कोल्ड क्रँकिंगचा मोठा आकडा छापलेला होता. तो उणे १८ अंश तापमानातला. पुण्यात उणे १८ फक्त शेजाऱ्यांच्या बोलण्यात असतं. इथे बॅटरीला थंडी मारत नाही, ऊन मारतं. शेवटी एजीएम जातीची घेतली. तिच्यात ॲसिड मोकळं नसतं, काचेच्या धाग्यांच्या चटईनं शोषून घेतलेलं असतं, आणि झालेल्या वायूचं बरंचसं आतच पुन्हा पाणी होतं.

"हिला तर नळी लागतच नाही," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी उडाला आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग काढून टाकला का?"

चार्जिंग बिघडून दाब वाढला की एजीएमचाही व्हॉल्व्ह उघडतो. तेव्हा बाहेर पडणाऱ्या वायूला वाट हवी. दुकानदारानं कार्डावर शिक्का मारला, जुनी बॅटरी बदल्यात घेतली आणि आम्ही निघालो.

घरी येऊन बॅटरी बसवली, कचाटं आवळलं, नळी हातात घेतली, आणि लक्षात आलं की कोपऱ्याचा तुकडा जुन्या बॅटरीच्या कुशीतच राहिला. परत दुकान. मागच्या अंगणात जुन्या बॅटऱ्यांचा ढीग. हातमोजे घालून, रुग्णालयात बाळ शोधावं तसा मी आमची बॅटरी शोधत होतो. सापडली! बोटाच्या पेराएवढा तो काळा तुकडा, आणि पलीकडच्या भोकाचं बूचही.

नळी लावण्याआधी ती मोकळी आहे का पाहायची होती. मी तोंडाला लावणार तोच पुन्हा कॉलर. "ॲसिडची नळी आहे, बासरी नव्हे." नातवाच्या सायकलचा पंप आणला. दोन दट्टे मारले तशी खालून मातीची गोळी पडली. कुंभारमाशीनं नळीत घर बांधलं होतं.

मग सरांनी सूत्र सांगितलं: "दोन्ही बाजूंना भोकं असतात. एका तोंडाला नळी, दुसऱ्याला बूच. दोन्हीकडे बूच लावलंस तर पोट फुगेल, एक उघडं ठेवलंस तर डिकीत दरवळेल." गाडी सुरू केली. मल्टिमीटरवर आधी १२.६ होतं, इंजिन चालू झाल्यावर १४.२. सर म्हणाले, "नाडी ठीक."

रविवारी सोसायटीची सभा. विषय क्रमांक चार: सतरंजी. सेक्रेटरींनी चाळण झालेली सतरंजी उजेडासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. मला पुष्कळ बोलायचं होतं: हायड्रोजनबद्दल, कुंभारमाशीबद्दल, आणि गच्चीच्या गळतीचे पैसे कुठे गेले याबद्दल. मी उभा राहिलो, तोंड उघडलं. सौ.नं सदऱ्याचं टोक ओढून खाली बसवलं आणि कानात म्हणाली, "इथे बूच."

दंड भरला. सभा संपली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिनं मागे वळून पाहिलं, कुणी नाही असं बघून म्हणाली, "हं, आता नळी."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेवटच्या पायरीपर्यंत मी बोलत होतो.