सोनेरी हत्तीच्या कर्त्यांस

रा. रा. सुशोभीकरणवाले भाऊ यांस,
भुसावळहून साष्टांग दंडवत.

चौकातला काळ्या दगडाचा हत्ती तुम्ही एका रात्रीत सोनेरी केलात! साहेबांच्या गाडीच्या उजेडात तो झळकायला हवा होता ना. गाडी बायपासनेच निघून गेली, ती गोष्ट वेगळी.

सोंडेला तारेने आवळलेला वाढदिवसाचा फ्लेक्स आणि पोटाखालचा हिरवा दिवा यांची आम्हाला सवय झाली आहे. तक्रार रंगाची आहे. कारागिराने टाकीने सोंडेवर एकेक सुरकुती उठवली होती, तिच्यावर आता ऑइलपेंटची साय आहे. पायाची नखं बुजली. डोळ्यांत लाल ठिपका दिलात, त्याचा ओघळ गालावर उतरलाय. हत्तीचे डोळे आलेत असंच वाटतं.

दगड मळका दिसत होता म्हणे. अहो भो, आपल्याकडचा दगड काळाच असतो! अजिंठ्याला सोळा नंबरच्या लेण्याच्या दारात याच जातीच्या दगडाचे दोन हत्ती आहेत. पाचव्या शतकापासून ऊन-पाऊस झेलताहेत, तुमच्या डब्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. मुंबईत हुतात्मा चौकातल्या 1864 च्या कारंज्यावरची फ्लोरा मात्र रंगाच्या थरांखाली गुदमरली होती. 2019 मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं, त्याआधी ते थर जपून उतरवावे लागले. घडवायला माणसाचे महिने जातात, बुजवायला दोन डबे पुरतात. लाज नाही वाटली?

तरी खरं सांगतो, तुमच्यावर पुरतं रागावताही येत नाही. पैसे तुमच्याच खिशातले. हत्तीच्या कानामागची कबुतरांची घाण तुम्हीच खरवडलीत, गावातल्या एकाही शहाण्याने नाही. आणि चुकतात तर तज्ज्ञही. 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन जाणकारांनी अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं व्हार्निश दिलं. ते पिवळं पडलं आणि काढण्याचं काम पुढच्यांच्या गळ्यात आलं.

धास्ती पुढचीच आहे. मे महिन्यात पारा 45 वर गेला की रंग फुगेल, पोपडे निघतील आणि तुम्ही दुसरा हात माराल. तो मारू नका. ॲसिड किंवा तारेचा ब्रश घेऊनही धावू नका. दगडाचं काम जाणणारा माणूस शोधा आणि त्याच्यासाठी वर्गणी काढा. पहिली पावती माझ्या नावाने फाडा. फक्त त्या पावतीचा फ्लेक्स लावू नका.

आपला,
चौकातला एक रहिवासी