परगावचा नाताळ : एक साधार विवेचन

ज्या नाताळात चांदणी, म्हणजे येशूजन्माच्या ताऱ्याची खूण म्हणून दारावर लावला जाणारा पाच टोकांचा आकाशकंदील, स्वतःच स्टुलावर चढून टांगावा लागतो आणि तो वाकडा लागला आहे असे ओरडून सांगणारे घरचे माणूस खाली उभे नसते, त्यास परगावचा नाताळ म्हणावे. नोकरीनिमित्त नगरहून जालन्यास आलेल्या प्रस्तुत लेखकाच्या (ग्रंथव्यवहारात 'प्रस्तुत लेखक' म्हणजे स्वतःचा उल्लेख टाळल्याचा आव आणून स्वतःविषयीच लिहिणारा गृहस्थ) वाट्याला असा नाताळ आला, तेव्हा त्याने एकाकीपणावर जो उपाय योजला तो गर्वाचा होता.

या गर्वास आधार होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्या नगरास कर्मभूमी मानून मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवले, त्या नगरचा माणूस मराठवाड्यात आला म्हणजे जालनेकरांस मराठी नाताळाचे वळण लावणे हे त्याचे कर्तव्यच ठरते, अशी लेखकाची प्रामाणिक समजूत होती. तथापि टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. आणि हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल (हिब्रू भाषेत 'देवाचे घर') ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843चा, असे ध्यानात येताच वळण लावण्यास निघालेला नगरकर बावन्न वर्षांनी धाकटा ठरला.

मग त्याने मोर्चा शब्दाकडे वळवला. शेजारी 'हॅपी ख्रिसमस' म्हणत, त्यावर लेखक 'नाताळ' अशी दुरुस्ती करी आणि हा शब्द जन्मवाचक पोर्तुगीज 'नाताल'वरून आला असल्याचे सांगून थांबत नसे. बटाटा, पाव, काजू, अननस, हापूस अशी भाजी मंडई फिरून तो चावी आणि बिजागरीमार्गे दारापाशी येई, म्हणजे ज्या दारातून ऐकणारा एव्हाना निघून जाऊ पाहत असे त्या दाराचे साहित्यही पोर्तुगीजच, हे ऐकणाऱ्यास कळे. (पगार हा शब्दही त्याच भाषेतला, तो मात्र विवेचनात कोणासही कंटाळा आणत नाही.) हिंदी-उर्दूत याच सणास 'बडा दिन' म्हणतात, वस्तुतः वर्षातील सर्वांत लहान दिवस त्याच्या तीन-चार दिवसच आधी होऊन गेलेला असतो, तेव्हा मोठेपण मिरवायला मोठे असावे लागत नाही, हा खगोलशास्त्रीय मुद्दा लेखकास विशेष प्रिय होता आणि तो स्वतःला लागू पडतो अशी शंका त्याला कधी आली नाही.

एक वाक्य मात्र त्याच्या पांडित्यास पुरून उरले. "सर, तुमची मराठी लई शुद्ध आहे बगा," असे कोणीतरी, ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मराठी ऐकून, कौतुकाने म्हणे. ज्याच्या आजीने जात्यावर ओव्याच म्हटल्या आणि ज्याला हिशेब, राग व स्वप्न या तिन्ही गोष्टी मराठीखेरीज जमत नाहीत, त्याने या कौतुकाचे आभार कोणत्या भाषेत मानावेत? शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडून न्यायालयाच्या हुकमाने वडिलांकडे परत आला, तेव्हा तो त्यांच्यात राहिला-जेवला एवढ्यावरून त्याला जातीत घेण्यास विरोध झाला, आणि प्रायश्चित्त देऊन त्यास सामावून घ्यावे म्हणणाऱ्या 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. घरी परतलेल्या पोराला आपल्याच भाषेत परका ठरवण्याची ती रीत. पुढे ती सौम्य होत होत कौतुकापर्यंत आली असावी, असे लेखकास नाताळचा फराळ तळताना त्या रात्री फार वाटले, आणि मग चकल्या करपल्या.

मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो, याचा पुरावा म्हणून लेखकाने स्वहस्ते केलेल्या करंज्या 25 डिसेंबरला वरच्या मजल्यावरील काकूंकडे पोहोचवल्या. "अगबाई, केक नाही का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा करंजीचे समाजशास्त्र त्यांना जिन्यातच ऐकावे लागले. सायंकाळी ताट परत आले. रिकामे ताट पाठवू नये या रिवाजाप्रमाणे त्यात जालन्याच्या पाच मोसंब्या होत्या, आणि काकूंचा निरोपही होता : "करंज्यांना मोहन कमी पडलं. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी हाक मारा, पीठ मी भिजवते. तुम्ही नुसतं बोलत बसा."