फुंकणाऱ्याचं नाव

जॅझवाल्यांच्या सह्या असलेले जुने ट्रम्पेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन जमवणारी माणसं जगात आहेत. मी त्यांच्यातला नाही; ऐपत नाही आणि घरात जागाही नाही. तरी हा छंद बीडमध्ये कुणी मांडला तर काय होईल, याचा विचार करण्यात माझ्या काही दुपारी फार छान गेल्या आहेत. पहिला पाहुणा विचारणार, "वाजवता येतंय का?" नाही म्हटलं की, "मग?" या 'मग'ला उत्तर देताना भल्याभल्या संग्राहकाची दातखीळ बसेल. दुसरा विचारणार, "किलोला काय भाव लागला?" कारण आमच्याकडे पितळ वजनावर घेतात, मोडीत देतात आणि बदल्यात स्टीलची पातेली आणतात.

तिसरं संकट घरातलं. या छंदाचा पहिला नियम असा की जुनं पितळ घासायचं नाही; काळवटलेला रंग हाच त्याच्या वयाचा दाखला. आमच्याकडे पितळ काळं दिसणं ही घराण्याची नाचक्की. घट बसायच्या आधी चिंच, मीठ आणि पितांबरी घेऊन बसलेल्या आत्याच्या तावडीत तो ट्रम्पेट सापडला, तर लाखाची सही दहा मिनिटांत मोरीतून वाहून जाईल आणि वर ती म्हणेल, "बघ, कसं सोन्यासारखं निघालं! कुणीतरी मेल्यानं पेनानं रेघोट्या मारून ठेवल्या होत्या."

पोचा आलेल्या भांड्याबद्दलही आत्याचं मत पक्कं आहे: मोडीत. जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी याच्या घरी ती नव्हती हे जॅझचं नशीब. ६ जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कच्या एका क्लबात त्याच्या बायकोच्या वाढदिवसाची पार्टी चालू होती. स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कुणीतरी जाऊन पडलं आणि त्याचं तोंड वाकून आभाळाकडे गेलं. गिलेस्पीनं तो तसाच वाजवून पाहिला, आवाज आवडला, आणि पुढे मुद्दाम तसे वाकडे ट्रम्पेट बनवून घेतले. त्यातला एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भावाचं गणित तर याहून वाकडं. चार्ली पार्करचा एक सॅक्सोफोन १९९४ साली लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला. मोडीवाल्यानं त्याला हातही लावला नसता, कारण तो पितळेचा नव्हताच. ग्राफ्टन नावाचा पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता तो. पार्करनं तो १९५३ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवला, म्हणून ही किंमत. (पितळेचा सॅक्सोफोनसुद्धा शास्त्रानं 'ब्रास'मध्ये धरत नाहीत. आत वेताची पट्टी थरथरते, म्हणून देह पितळेचा असूनही त्याचं गोत्र क्लॅरिनेटचं.)

खरं तर नाव घातलेल्या पितळेचं आपल्याला अप्रूप वाटायला नको. आमच्या घरच्या घागरीच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'मामाकडून सप्रेम भेट', खाली मामाचं नाव, गाव आणि साल. मामानं ती घागर दुकानापासून मांडवापर्यंत उचलली, तीही हमालाकडून. आडाचं पाणी जन्मभर त्या घागरीनं वाहिलं आत्यानं, आणि आत्याचं नाव तिच्यावर कुठेच नाही. सह्यांच्या ट्रम्पेटांतही असा मामला पुष्कळ असतो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी नवाकोरा ट्रम्पेट पुढे करतो, कलावंत घाईत सही ठोकतो, आणि त्या नळीत त्याचा श्वास कधी जातच नाही. मला विचाराल तर अशी सही म्हणजे मामाचं नाव.

वाजवणाऱ्याची खूण वेगळीच असते. बरीच वर्षं वाजलेला ट्रम्पेट हातात घेऊन पाहा. तीन पिस्टनांच्या नळकांड्यांना डावी मूठ जिथे आवळते, तिथलं लॅकर घामानं खाल्लेलं असतं आणि नागडं पितळ वर आलेलं असतं, बरोबर एका पंजाच्या मापाचं. ओठांना लावायच्या तोटीवरचा चांदीचा मुलामा कडेला झिजलेला असतो. ही सही चिंचेनं जात नाही.

अशा सह्या बीड जिल्ह्यातल्या बँडवाल्यांच्या वाद्यांवर भरपूर निघतील, आणि त्यांचं जॅझशी नातंही आहे. १९३६च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकी ट्रम्पेटवादक आपला ताफा घेऊन वाजवत होता. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली गोव्याची पोरं हे संगीत ऐकून तयार झाली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलाच; 'चिक चॉकलेट' या नावानं तो इतका गाजला की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं, आणि १९५१च्या 'अलबेला'त ट्रम्पेट असा काही वाजला की गावोगावच्या बँडपार्ट्यांनी ती गाणी उचलली.

मे महिन्यात, कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की आमच्याकडे लग्नांचा धडाका उडतो. परण्या मारुतीला निघायचा, ऊन मी म्हणत असायचं, आणि दोरीच्या झुपक्यांचा लाल कोट घातलेले बँडमास्तर गाल फुगवून 'शोला जो भडके' काढायचे. न्यूयॉर्क, ताज आणि हळदोणं त्यांच्या गावीही नसायचं. ट्रम्पेट बहुतेक उत्तरेकडचा, बँडच्या वाद्यांसाठी नावाजलेल्या मेरठच्या जली कोठीतला. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५पासूनची. त्यावर नाव असलंच तर बनवणाऱ्याचं. वाजवणाऱ्याचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही, कारण विसार देताना लोक माणसं किती आणि गाडीवर दिवे किती एवढंच विचारत.

आता डीजे आला. त्याला श्वास लागत नाही, डिझेल लागतं. बँडपार्ट्या एकेक करून बसल्या आणि त्यांची वाद्यं पोत्यात घालून भंगारात चालली. तेव्हा तुमच्या गावात असा ट्रम्पेट मोडीत निघायच्या बेतात असेल, तर मोडीच्या भावावर शंभर-दोनशे जास्त देऊन तो घ्या. मास्तर हयात असतील तर आधी त्यांना एकदा वाजवू द्या. मग भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यांचं नाव घालून आणा, आणि गाव-साल टाकायला विसरू नका. तुमचं नाव मात्र घालू नका.