सरनोबतांची पागा

घोड्याची उंची कानाच्या टोकापर्यंत मोजणाऱ्या माणसाशी आमचे सरनोबत दोन दिवस बोलत नाहीत. घोडा मोजायचा तो मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत. कान हलतात, मान वर-खाली होते, आणि हलणाऱ्या खुणेवरून मोजणी होत नसते. हे शेवटचं वाक्य त्यांच्या नोकरीतलं. हयात मोजणी खात्यात गेली. औंढ्याच्या आसपासच्या बांधाबांधावर त्यांनी साखळी ओढली आणि एकाही भावकीनं ती मोजणी सुखासुखी मान्य केली नाही. निवृत्तीनंतर त्यांना शेवटी निमूटपणे माप मान्य करणारे पक्षकार मिळाले. ते सहा इंची आहेत.

म्हणजे अ‍ॅक्शन फिगर. गुडघे वळणारे, मनगट फिरणारे बाहुले. अमेरिकेतला भाचा पाठवतो. येताना कोणी रोमन शिपाई असतो, कोणी काऊबॉय. काकू त्यांना अंगरखे शिवतात, पागोटी बांधतात आणि महिन्याभरात स्वराज्यात घेतात. एका काऊबॉयची हॅट काही केल्या निघेना. तो टोपीकर म्हणून चाकरीला राहिला.

माणसांचं असं भागतं. घोडं पेंड खातं ते घोड्यापाशीच.

सरनोबतांचा हिशोब सरळ आहे. सहा इंची बाहुला म्हणजे सहा फुटी माणूस, प्रमाण एकास बारा. (सहा फुटी मावळा जरा जास्तच होतो, पण तिथे ते डोळेझाक करतात. भाच्याचं मन राखायला असावं.) दख्खनचं भीमथडी तट्टू चणीनं लहान. ते 52 इंच धरलं तर कपाटातलं तट्टू सव्वाचार इंचाहून किंचित जास्त व्हायला हवं. 60 इंची मारवाडी घोडा असेल तर पाच इंच. भाच्यानं एकदा ब्रेयर कंपनीचा घोडा धाडला. देखणं जनावर, नाकपुड्या फुललेल्या, पायांच्या शिरासुद्धा दिसतात. पण तो त्यांच्या ‘ट्रॅडिशनल’ मालिकेतला, एकास नऊचा. एकास बाराची मालिका वेगळी, हे भाच्याच्या गावी नव्हतं. मावळा वर बसवला तर त्याचे पाय पोटाच्या निम्म्यावरच संपले. सरनोबत म्हणाले, “ह्याला रिकिबीत पाय घालायला शिडी लागंल.” घोडा माळ्यावर गेला. काकू अधूनमधून त्याच्यावरची धूळ झटकतात आणि म्हणतात, “ह्याच्यावर काय गुन्हा दाखल केलाय, कुणास ठाऊक.”

नुसती उंची जुळूनही चालत नाही. बाहुल्याच्या मांड्या फाकतात किती, घोड्याचं पोट रुंद किती, हे आधी बघावं लागतं. नाहीतर स्वार खोगिरावर न बसता वर अधांतरी राहतो, आणि आपण घोडेस्वार घेतला की योगी, असा प्रश्न पडतो. सरनोबत घोडा पारखताना आधी त्याच्या पाठीवर बोट ठेवतात, मग पोटाखालून दोरा फिरवतात, मग खुरांकडे बघतात. खूर मोठे असले की म्हणतात, “नांगराचा आहे, लढाईचा नाही.”

साजाचं प्रकरण तर विचारूच नका. खऱ्या लगामाचा पट्टा इंचभर रुंद, म्हणजे इथे जेमतेम दोन मिलिमीटर. रुंदी कापता येते, जाडीचं काय करणार? चपलेचं कातडं या घोड्याला बांधलं की लगाम न दिसता ट्रकचा टायर दिसतो. म्हणून सरनोबत जुन्या पाकिटाचं आतलं अस्तर काढतात, ओलं करून काचेवर ताणतात आणि मागच्या बाजूनं ब्लेडनं खरवडत बसतात. चार पट्ट्यांतल्या तीन फाटतात. उरलेली एक उजेडाकडे धरून ते बघतात, आणि तेवढ्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही. रिकीब अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची. ती वळवायची पेनच्या टोपणावर आणि चपटी करायची अडकित्त्याच्या पाठीनं. तंग घोड्याच्या पुढच्या पायांच्या लगोलग मागे यायला हवा. पोटाच्या मधोमध आवळलेला तंग दिसला की सरनोबत खऱ्याखुऱ्या वरातीतल्या घोडीवाल्यालासुद्धा थांबवतात. नवरदेव वर, बँड पुढे आणि हे घोडीच्या पोटाखाली वाकलेले, हे दृश्य आमच्या गावानं पाहिलेलं आहे.

अस्सल माप मिळावं म्हणून ते माळेगावच्या यात्रेला जातात. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा घोडे, उंट, गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेली. तिथे टेप घेऊन फिरणारा माणूस म्हणजे पक्कं गिऱ्हाईक.

“काय मोजायलाव काका? घ्यायचाय का?”

“घ्यायचाय. पण मला पाच इंची पाहिजे.”

व्यापाऱ्यानं आपल्या घोड्याकडे पाहिलं, सरनोबतांकडे पाहिलं. “काका, एवढं तर त्येचं कान असतंय.”

“कान धरायचाच नाही,” सरनोबत म्हणाले.

चौकाचौकांतल्या अश्वारूढ पुतळ्यांपैकी त्यांना पटतो तो एक, पुण्यातला, विनायकराव करमरकरांनी घडवलेला, 1928 सालचा. त्यासमोर ते टेप काढत नाहीत. बाकीच्या पुतळ्यांबद्दल त्यांची मतं छापण्याजोगी नाहीत. आमच्या नागनाथाच्या देवळालाही त्यांनी सोडलेलं नाही. खालचा काळा कोरीव दगड आणि वरचं नंतरचं चुन्याचं बांधकाम यांचं माप जुळत नाही, असा त्यांचा लेखी अभिप्राय त्यांच्याच वहीत आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं आणि नंदी मागेच राहिला, या कथेवर मात्र त्यांची काही हरकत नाही. “ती दिशेची बाब झाली,” ते म्हणतात, “माप जागच्या जागी आहे.”

अशा माणसाला गल्लीतल्या मंडळानं दिवाळीच्या किल्ल्यांचा परीक्षक नेमलं. पहिल्या किल्ल्यावर महाराजांच्या सिंहासनाशेजारी प्लास्टिकचा जिराफ. दुसऱ्यावर घोडा मांजराएवढा आणि स्वार उंदराएवढा. सरनोबत गुण न देता नुसते उसासे टाकत होते. तिसरा किल्ला चौथीतल्या पोराचा. तटबंदी वीतभर आणि तिच्यासमोर मातीचा घोडेस्वार दीड वीत.

“का रे, हा स्वार किल्ल्याहून मोठा कसा?”

“तो जवळ हाय आजोबा,” पोरगं म्हणालं. “किल्ला लई लांब हाय.”

सरनोबत खाली बसले. एक डोळा मिटून घोडेस्वारापासून तटापर्यंत नजर लावली, मग दुसरा मिटला. वहीत कसलासा भागाकार केला आणि विचारलं, “किती कोस?”

“दोन.”

“मग तट अजून लहान पाहिजे,” असं म्हणून त्यांनी त्याला पहिला नंबर दिला. मंडळानं यंदा परीक्षक बदलला. सरनोबतांना पत्ता नाही. ते पोराला घेऊन तट कमी करत बसलेत.