एपीयू/सिट्रस कॉलेज स्थानक : एक तातडीची नोंद

एपीयू/सिट्रस कॉलेज हे लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, अझुसा शहरातले लाइट रेल स्थानक. अझुसा पॅसिफिक युनिव्हर्सिटी आणि सिट्रस कॉलेज हे दोघे शेजारी. कोणी रुसू नये म्हणून पाटीवर दोघांचीही नावे आली. पासाडेनापासून पुढे वाढवलेला 18.5 किलोमीटरचा मार्ग 5 मार्च 2016 रोजी सुरू झाला, त्याचे हे शेवटचे स्थानक. रूळ जुन्या सांता फे रेल्वेच्या जागेवरून गेले आहेत. उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वत दिसतात. छान आहेत.

जून 2023 मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोटातला बोगदा खुला झाला आणि लाँग बीच ते अझुसा हे सुमारे 80 किलोमीटर एकाच गाडीने जाता येऊ लागले. जगातला सर्वांत लांब लाइट रेल मार्ग म्हणून त्याचे कौतुक झाले. रोज कसाऱ्याहून मुंबई गाठणाऱ्याला त्याचे काय! वेळ दोन तासांच्या आसपास. गाडीत शौचालय नाही.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व लाँग बीचला कळत नाही. मुलाकडे अझुसाला आलेले एक निवृत्त मराठी गृहस्थ, ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि जे प्रस्तुत नोंदीचे लेखकही आहेत, लाँग बीचची क्वीन मेरी बोट पाहून सपत्नीक परतीच्या गाडीत बसले. निघताना ते जाऊन आले होते. हे नमूद करणे भाग आहे, कारण पत्नीचा त्यावर अजून विश्वास नाही. कॉम्प्टनपर्यंत त्यांनी भूगोलात रस घेतला. बोगद्यात त्यांचे बोलणे बंद झाले. पासाडेनात रूळ हमरस्त्याच्या मधोमध धावतात. तिथे आडोसा नाही. पुढे आर्केडियाजवळ अँड्र्यू लेस्टर या कलावंताने आदिवासींच्या टोपल्यांवरून बेतलेला पूल लागतो. गृहस्थांनी डोळे मिटलेले होते.

आयर्विनडेलला खडीच्या खाणींचे अवाढव्य खड्डे आहेत. "अहो, पाय हलवू नका, लोक बघतायत," पत्नी म्हणाली. कोणीही बघत नव्हते, सगळे फोनमध्ये. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्याने तरी विचारले असते, "काका, काय होतंय?"

अझुसाच्या फलाटावर तिकिटाचे यंत्र होते, बसायला जागा होती. हवे ते दिसेना. खांद्याला चित्रांची लांब नळी अडकवलेल्या एका विद्यार्थ्याला मात्र न सांगताच उमगले. तो कॉलेजच्या दिशेने निघाला, मागे वळून पाहिले, म्हाताऱ्यांसाठी चाल हळू केली, मग चेहरा पाहून पुन्हा वाढवली. इमारतीचे दार त्यानेच धरले. पत्नीची पिशवी सांभाळत बाहेर उभा राहिला, आणि गृहस्थ परतल्यावर म्हणाला, हीच गोळी त्याच्या आजोबांनाही आहे. आजोबा मेक्सिकोत, कित्येक वर्षांत भेट नाही. पत्नीने पिशवीतून बेसनाचे लाडू काढले आणि स्टीलच्या डब्यासकट त्याच्या हातात दिले. डबा परत मागितला नाही. तिच्या संसारात असे पूर्वी घडलेले नाही.

19 सप्टेंबर 2025 पासून गाडी ग्लेंडोरा, सॅन डिमास, ला व्हर्न करत पोमोनापर्यंत जाते. आता संपूर्ण मार्ग सुमारे 93 किलोमीटरचा आहे. ज्येष्ठ वाचकांनी मध्ये युनियन स्टेशनला उतरून घ्यावे. तिथे स्वच्छतागृह आहे, आणि मागून दुसरी गाडी येतेच.