रोही, तंतुकणिका आणि आमचं बेसिक

पोरगी अकरावी सायन्सला गेली तेव्हा पहिला धक्का तिला बसला नाही, तंतुकणिकेला बसला. दहावीपर्यंत बिचारी बालभारतीच्या पुस्तकात पेशीला ऊर्जा पुरवत सुखानं नांदत होती. अकरावीचं इंग्रजी पुस्तक घरात आलं आणि सासरी गेल्यासारखं तिचं नाव बदललं. मायटोकॉन्ड्रिया! लयकारिकेची लायसोसोम झाली, रिक्तिकेची व्हॅक्युओल. आंतर्द्रव्यजालिकेचं तरी काही आटोपशीर होईल अशी आशा होती, तर तिचं नवं नाव जुन्याच्याही वरताण निघालं. गॉल्गीसाहेब तेवढे दोन्हीकडे गॉल्गीच. इटलीचा माणूस, पाहुण्याचं नाव कोण बदलणार?

"बाबा, माहं बेसिकच पक्कं नाही. परवा टेस्ट हाय," पोरगी म्हणाली.

नीटच्या 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे, त्यामुळे 'बेसिक' हा शब्द ऐकला की आमच्या कारंज्याकडच्या आईबापांना आधी लातूरचे क्लास आठवतात आणि मग पासबुक. मी पासबुक उघडून पाहिलं आणि घरीच उजळणी घ्यायचं ठरवलं. मीही बारावी सायन्सच आहे. हे मी सगळ्यांना सांगतो. टक्के विचारले तर पावसापाण्याचा विषय काढतो.

सुरुवात सूत्री विभाजनानं केली, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला, ते दुसरं काय होतं? पूर्वावस्थेत इतके दिवस न दिसणारी गुणसूत्रं आखूड, जाड होऊन ठळक दिसू लागतात. आमच्याकडे पुढारी दिसू लागले. मध्यावस्थेत सगळे पेशीच्या मध्यावर रांगेत. पश्चावस्थेत ओढाताण: अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे. अंत्यावस्थेत दोन्हीकडे आवरण तयार, म्हणजे कंपाउंड आणि नवी पाटी. खरं तर इंग्रजांच्या काळातही वाशीम जिल्हाच होता; 1905 साली त्याला अकोल्यात मिसळून टाकलं होतं. म्हणजे आधी संयोग, मग 93 वर्षांनी विभाजन. जीवशास्त्रात इतका दम कोणतीच पेशी धरत नसेल.

स्वतःच्या उदाहरणावर मी खूश होतो, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "पण बाबा, दोन्ही जन्यपेशी सारख्या असतात. मंग कृषी विद्यापीठ अकोल्यालेच काहून राह्यलं?"

मी पुढचा मुद्दा घेतला.

पुढचा मुद्दा परासरण. निवडक्षम पारपटल, तीव्रता, कमी-जास्त द्रावण असं करत मी वहीचं अख्खं पान बाणांनी भरवलं. बाण कुठून कुठे चाललेत हे शेवटी मलाच कळेना. कोपऱ्यात आई कैरीच्या फोडींना मीठ चोळत बसली होती. ती इतका वेळ ऐकत होती, याचा मला पत्ता नव्हता.

"कैरीले मीठ लावलं का पाणी सुटते. यात शिकाचं काय हाय?"

"पण काहून सुटते, आजी?"

"मिठाले तहान लागते."

शास्त्राच्या दृष्टीनं हे चूक आहे, असं मी ठामपणे सांगितलं. पण पाणी कुणीकडून कुणीकडे जातं हे पोरीनं त्यानंतर एकदाही चुकवलं नाही. माझे बाण तिनं खोडरबरानं पुसले.

मग वर्गीकरण. इथे मी तयारीनं उतरलो होतो, कारण उदाहरण रोज रात्री आमच्या सोयाबीनमध्ये येऊन उभं राहतं. रोही! पुस्तकात नीलगाय. शास्त्रीय नाव बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस. या नावाची फोड कराल तर जागलीवरची झोप उडेल. 1766 साली पल्लास नावाच्या जर्मन पंडितानं तिला बोकड-उंट म्हणून ठेवलं. पुढं 1816 मध्ये एका फ्रेंच पंडिताला ते कमी वाटलं असावं, त्यानं पुढं बैल-हरीण जोडलं. द्विनाम पद्धत म्हणतात ती दोन नावांची. इथे दोन नावांत चार जनावरं कोंबलीत, आणि नीलगायीतली गाय वेगळीच. दोघांनीही तिला आमच्या वावरात, बॅटरीच्या उजेडात, पळताना पाहिलेली नव्हती. तेव्हा नक्की काय पाहिलं हे आम्हालाही सांगता येत नाही, म्हणून त्यांना मी माफ केलंय.

गंमत म्हणजे कूळ काढलं तर नीलगायीतली गाय अगदीच खोटी नाही. गाय, बकरी, रोही सगळे एकाच कुळातले. सोहोळच्या अभयारण्यातलं काळवीट, ज्याला आपण बिनदिक्कत हरीण म्हणतो, तेही याच कुळातलं. खऱ्या हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "कुळातलेच हायेत, म्हनूनच तं विचारल्याबिगर खाऊन जातेत."

रात्री पुन्हा तंतुकणिकेवर आलो. पोरीनंच वाचून दाखवलं, की तिला स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो माणसात फक्त आईकडून येतो. बापाच्या बाजूच्या तंतुकणिका अंड्यात शिरल्या तरी तिथेच नष्ट केल्या जातात. स्वयंपाकघरातून बायकोनं हे दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं मिक्सर बंद केला.

मग आईला समजावून सांगणं आलं. म्हटलं, माय, हे पेशीतलं पॉवर हाऊस. तुझ्या आईकडून तुला, तुझ्याकडून मला. पण पोरीत आली ती तिच्या आईची. तुझी लाईन माझ्यापाशी बंद पडली. मालेगावला दिलेल्या ताईच्या पोरांत तेवढी चालू आहे.

आई बराच वेळ फोडी हलवत राहिली.

"म्हंजे तुह्या अंगात हाय, थे माहीच ना?"

"हो."

"मंग तू असा आळशी काहून निंगाला?"