मामांचे बडतर्फी-खाते

कोल्हापुरात फुटबॉल न कळणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे, आणि समजा उद्या तसा कोणी जन्मास आलाच, तर त्याची सोय जवळच्या तालमीच्या कार्यकारिणीत केली जाईल, असा आमच्या मामांचा अभिप्राय आहे. मामा स्वतः कार्यकारिणीत नाहीत, ही गोष्ट या अभिप्रायाचे वजन ठरविताना ध्यानात घेतलेली बरी.

मामा कोणाचे मामा, हा प्रश्न पेठेत कोणी विचारीत नाही. सख्खा भाचा एकच. परंतु तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या तीन पिढ्या त्यांना त्याच नात्याने हाक मारतात. एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांची सारी हयात गेली. नेमणुका, बदल्या, पदावनती, निलंबन, रजा नामंजूर करणे आणि सेवापुस्तकात प्रतिकूल शेरे चढविणे ही कामे त्यांनी इतक्या निष्ठेने केली, की शाल-श्रीफळ घेऊन ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला काय काम द्यावे, हा घरच्यांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. इतर पेन्शनर ज्ञानेश्वरीकडे वळतात किंवा सकाळ-संध्याकाळ रंकाळ्यावर फेऱ्या घालतात. मामा फुटबॉलकडे वळले. फुटबॉलच्या खेळाकडे वळले, असे मात्र म्हणता येणार नाही. नव्वद मिनिटांचा सामना हा त्यांच्या लेखी केवळ पुरावा. खरे प्रकरण दाखल होते ते सामना सुटल्यावर, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, ताज्या दुधाचा फेसाळ पेला हाती आल्यानंतर, आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा पेला रिकामा होण्यापूर्वीच लागतो. निकाल असा, की कोच बदलावा.

परगावच्या वाचकास यात केवळ एका रिकामटेकड्या वृद्धाची लहर दिसेल. तथापि कोल्हापुरातील फुटबॉलचा बंदोबस्त कसा आहे हे ठाऊक असणारा इतक्या घाईने हसणार नाही. येथील संघाला धनी नसतो, त्याला पेठ असते. शाहू महाराजांच्या उदार आश्रयाखाली ज्या तालमी मल्लविद्येसाठी नावारूपास आल्या, त्या तालमींच्या परंपरेतच पुढे फुटबॉलचे संघ उभे राहिले. म्हणून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी, ऐकताच शड्डूचा आवाज कानी यावा अशी नावे शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर कॉर्नर किक घेताना दिसतात. खेळणारी पोरे बहुतांशी पेठेतीलच. लेफ्ट बॅकने चेंडू हातचा घालविला हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु लेफ्ट बॅक हा पिठाच्या गिरणीवाल्याचा धाकटा मुलगा, गोलरक्षक हा शेजारच्या काकूंचा नातू, आणि पेनल्टी थेट आकाशात धाडणारा तो पराक्रमी पुरुष तर तालमीच्या माजी अध्यक्षांचा जावई. यांपैकी कोणालाही नालायक ठरवावे, तर दळण, हळदीकुंकू आणि गणपतीची वर्गणी ही तिन्ही एकाच वेळी संकटात सापडतात. तेव्हा पराभवाचे खापर अशा मस्तकावर फुटले पाहिजे, की जे फुटल्याने कमीत कमी घरांत अबोला धरला जाईल. हे मस्तक पुरविण्याची सोय म्हणूनच प्रशिक्षकाचे पद निर्माण झाले असावे, अशी माझी समजूत आहे. मामांची तर ती खात्रीच आहे.

नवा कोच रुजू झाला, की पहिले पंधरा दिवस मामा त्याच्या बाजूने असतात. "गडी अभ्यासू हाय. शिट्टी कमी वाजवतोय बघा," असा अनुकूल शेरा तेव्हा पडतो. पहिला सामना जिंकला, की "पोरं जिवावर खेळली, कोच मधी आला न्हाई, ह्ये त्येचं चांगलं." बरोबरी झाली, की "सूत्रं हातातनं सुटायला लागल्यात." आणि पहिल्या पराभवाच्या रात्री पेला खाली ठेवून, मिशीवरचा फेस उपरण्याने टिपून, ते केवळ एक शब्द उच्चारतात : "बदला." जिंकलो तर संघ जिंकला आणि हरलो तर कोच हरला, हा त्यांच्या हिशेबाचा नमुना आहे; त्यात जमेच्या बाजूस कोचाचे नाव आजवर एकदाही चढलेले मी पाहिले नाही.

प्रत्यक्ष बडतर्फीची रीत मात्र मोठी सभ्य आहे. लेखी हुकूम निघत नाही, कारण कोच हा बहुधा पेठेचाच जुना खेळाडू असतो आणि त्याच्या मुंजीपासूनचे सारे तपशील सर्वांस ठाऊक असतात. एके दिवशी सकाळी तो सरावाला येतो, तेव्हा चेंडूंची जाळी नेहमीच्या खिळ्यावर नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेलेली असते. यावर तो काही बोलत नाही, चहा घेतो, आणि पुढल्या रविवारपासून प्रेक्षकांत बसून नव्या कोचाच्या चुका काढू लागतो. अशा रीतीने कट्ट्यावरील तज्ज्ञांची संख्या वर्षानुवर्षे वाढतच गेली आहे.

मामांपाशी लाल फितीने बांधलेली एक फाईल आहे. वर्तमानपत्रांतून कातरलेले जगभरच्या प्रशिक्षकांच्या बडतर्फीचे वृत्तान्त त्यांनी तीत तारीखवार लावून ठेविले आहेत, आणि प्रत्येकाच्या समासात त्यांच्या वळणदार अक्षरातील शेरा आहे. 1974 साली लीड्स युनायटेडने ब्रायन क्लफ यांना 44 दिवसांत घरी पाठविले. शेरा, 'परिवीक्षाधीन कालावधी असमाधानकारक'. चेल्सीने रॉबेर्तो दि मातेओ यांना 2012 च्या मे महिन्यात युरोपचे विजेतेपद मिळवून दिल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काढले; शेरा, 'पूर्वसेवा जमेस धरू नये'. लेस्टरसारख्या संघाला 2016 साली इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून देणारे रानिएरी पुढील फेब्रुवारीतच गेले. तेथे नुसतेच 'योग्य'. परंतु या दफ्तरातील मानाचे पान रेआल माद्रिदचे. व्हिसेंते देल बोस्के यांनी दोनदा युरोपचे आणि दोनदा स्पेनचे विजेतेपद आणले, आणि 2003 साली त्यांतले अखेरचे हाती पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची मुदत न वाढविण्याचा निर्णय जाहीर झाला. मामा हे पान हातात धरतात तेव्हा त्यांच्या मुद्रेवर, सुरेख अक्षरातला जुना खलिता सापडलेल्या इतिहास-संशोधकाची तृप्ती दिसते. "याला म्हनत्यात प्रशासन," असे ते म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात माद्रिदकरांनी पगारवाढ मागणाऱ्या मॅकेलेलेला चेल्सीस विकले आणि बेकहॅमला आणले, त्यानंतर स्पेनचे विजेतेपद त्यांना 2007 पर्यंत दिसले नाही, आणि काढून टाकलेल्या देल बोस्के यांनी 2010 साली स्पेनला विश्वचषक मिळवून दिला, हा प्रकरणाचा उत्तरार्ध मी एकदा भीतभीत मांडून पाहिला. मामा म्हणाले, "मास्तर, ती वेगळी फाईल."

मग मी फर्ग्युसनसाहेबांचे उदाहरण काढले. मँचेस्टर युनायटेडवर ते 1986 साली रुजू झाले. पहिला चषक हाती यावयास 1990 उजाडले, लीगचे अजिंक्यपद यावयास 1993. आणि 2013 साली स्वखुशीने निवृत्त होईपर्यंत त्यांना कोणी हलविले नाही. ते गेल्यावर मात्र त्या संघाने आपल्या मामांनाही धाप लागावी इतके प्रशिक्षक बदलले, आणि जुने वैभव काही परतले नाही. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतले. "त्यो साहेब रोज रात्री कुणाच्या कट्ट्यावर दूध प्यायला येत हुता? सांगा की. आमचा कोच आमाला रोज दिसतोय. दिसणाऱ्या माणसाला किती दिवस ठेवायचा?" या युक्तिवादाला इंग्लंडच्या इतिहासात उत्तर सापडत नाही.

एकाच प्रशिक्षकाविषयी त्यांच्या फाईलीत प्रतिकूल शेरा नाही, आणि ते म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 1951 आणि 1962 या दोन्ही आशियाई स्पर्धांची सुवर्णपदके, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक, आणि जाकार्ताच्या विजयानंतर वर्षही पुरे होते न होते तोच कर्करोगाने आलेला मृत्यू, हे सांगताना मामांचा आवाज खरोखर कापरा होतो. रहीमसाहेबांची थोरवी वादातीतच आहे. तरीपण 1962 साली मामा पाटी-पेन्सिल घेऊन बालवर्गात जात होते आणि बडतर्फीचे अधिकार तोवर त्यांच्याकडे आलेले नव्हते, एवढी नोंद मी करून ठेवतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताच्या संघावर नेमले गेले तेव्हा, वर्षानुवर्षांच्या परदेशी साहेबांनंतर आपला माणूस आला म्हणून मामांनी कट्ट्यावर सर्वांना दूध पाजले. मुंबईच्या संघांत खेळलेला आणि मुंबईच्याच संघाला शिकविलेला, ऐझॉलसारख्या लहानशा गावच्या संघाला 2017 साली आय-लीग जिंकून देणारा हा मनुष्य त्यांना मनापासून भावला होता. त्याच वर्षी ब्राझीलने मात्र अँचेलोत्ती हा इटालियन बाहेरून मागविला, याचे त्यांना वैषम्य वाटले. कारण विश्वचषकाच्या दिवसांत निम्मी पेठ ब्राझीलचे झेंडे लावते, आणि परकी नेमणूक करताना तिला विश्वासात घेतले नव्हते.

खेळाडूंच्या खरेदीविषयीची त्यांची मते याहून खोल आहेत. 2017 साली नेमारसाठी पॅरिसने बार्सिलोनास 22 कोटी 20 लक्ष युरो मोजले, त्या बातमीच्या समासात 'या खर्चास पूर्वमंजुरी होती काय?' असा प्रश्न लिहिलेला आहे. आमच्या मैदानावर गेल्या काही वर्षांत नायजेरियासारख्या दूरदेशीचे खेळाडू येऊ लागले, तेव्हा मामांच्या जीवनात वसंत आला. परदेशी गडी उतरला, की त्याच दिवशी सरावाला मामांची हजेरी. उंच असला, तर वाकणार कसा, बुटका असला, तर हेडर कोण घालणार, फार पळाला, तर दुसऱ्या हाफात दमणार, पळालाच नाही, तर "ह्येचं भाडं वर्गणीतनं गेलंय, ध्यानात ठेवा." असा एक उमदा तरुण आमच्या तालमीत आला होता. पहिल्या सामन्यात त्याने गोल चुकविला, तेव्हा मामांच्या मते तो बनावट कागदपत्रांवर आलेला होता. दुसऱ्या सामन्यात त्याने दोन गोल केले, तेव्हा त्याच्या पायांत त्यांना जुन्या मल्लांची ठेवण दिसली, आणि रात्री त्याला घरी नेऊन तांबड्या-पांढऱ्याचे जेवण वाढण्यात आले. तो सालस मुलगा रश्श्याने डोळ्यांत पाणी आले तरी "मामा, लई भारी" एवढे शुद्ध कोल्हापुरीत म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्याविषयी वावगा शब्द काढणाऱ्याची मामांशी गाठ होती.

दुसऱ्या पेठेतून आपल्याकडे आलेला खेळाडू हा मामांच्या शब्दकोशात गुणग्राहकतेचा विजय असतो, आणि आपल्याकडून दुसऱ्या पेठेत गेलेला फितूर. या दोन कलमांवर त्यांनी कित्येक हंगाम काढले. पंचाईत झाली ती गेल्या नोंदणीच्या वेळी, सख्ख्या भाच्याने समोरच्या पेठेच्या संघाकडे नाव नोंदविले तेव्हा. मुलगा राईट विंगवर सुरेख खेळणारा. परंतु मामांच्या आग्रहाने जो-जो नवा कोच आला त्याने आपली स्वतंत्र बुद्धी दाखविण्यासाठी त्याला एकदा डावीकडे, एकदा मागे, आणि अखेरीस बाकावर बसविले होते. बहिणीच्या घरी मामा जाब विचारावयास गेले, तर तो बुटांच्या नाड्या सोडीत, मान वर न करता म्हणाला, "तुमी कोच बदलतायसा, मी पेठ बदलली."

दोन दिवस मामा कट्ट्यावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पेला मागविला, आणि कोणी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी खुलासा केला : भाचा गेलेला नाही, तो प्रतिनियुक्तीवर आहे, मूळ आस्थापनेवरचा त्याचा धारणाधिकार अबाधित आहे, सबब फितुरीचे कलम येथे लागू होत नाही. आस्थापना शाखेत आयुष्य घालविलेल्या मनुष्याने उच्चारलेल्या त्या दोन शब्दांपुढे साऱ्या कट्ट्याने मान तुकविली. गिरणीवाला तर म्हणाला, की ही तरतूद आधी ठाऊक असती तर त्यानेही आपल्या मुलाचे भले केले असते.

दोन्ही संघांची गाठ हंगामाच्या मध्यावर पडली. आपल्या पेठेच्या समर्थकांत बसून भाच्याच्या पासाला टाळी वाजविणे बरे दिसेना, आणि समोरच्यांत बसणे तर अशक्यच. म्हणून मामा मधोमध, पोलिसांच्या बंदोबस्ताला लागून बसले, आणि उपरण्याचे टोक दातांत धरून सामना पाहिला. आम्ही एका गोलाने हरलो. पास भाच्याचा होता. रात्री दूध कट्ट्यावर एकाच बैठकीत दोन कोच बडतर्फ झाले : एक आपला, कारण तो हरला; आणि दुसरा समोरच्यांचा, कारण त्याने भाच्याला ऐंशीव्या मिनिटाला बाहेर घेतले.